फॅमिली थेरपिस्ट निवडताना: डिग्री, पद्धत आणि पहिल्या सेशनमध्ये काय बघायचं

घरातले सगळे मिळून थेरपिस्टकडे जायला तयार झाले की अर्धी लढाई जिंकली असं वाटतं, आणि मग प्रोफाइल वाचायला बसलं की डोकं गरगरतं. सगळीकडे तेच लिहिलेलं. नातेसंबंध, जोडपी, किशोरवयीन मुलं, चिंता, नैराश्य, राग, आणि खाली पाचसहा पद्धतींची नावं एकापुढे एक. वाचून कोणालाही वाटेल की सगळे सारखेच आहेत, जवळचा बघा आणि जा. पण तेच चार जण दोन वेगळ्या थेरपिस्टसमोर बसले ना, तर दोन पूर्ण वेगळे तास घडतात, एकीकडे आईबाबांना उठवून शेजारी शेजारी बसवतील आणि दुसरीकडे आजोबांचं त्यांच्या भावाशी बोलणं का बंद झालं होतं हे विचारतील.

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळ्यात मोठा फरक डिग्रीतही नाही आणि पद्धतीच्या नावातही नाही, तो आहे समोरचा माणूस क्लायंट कोणाला मानतो यात. एका व्यक्तीला, की दोघांतिघांच्या मधल्या नात्याला? बाकी सगळी तुलना यानंतरची.

एकट्याचा थेरपिस्ट की नात्याचा

वैयक्तिक थेरपीत तुम्ही तासभर तुमचं सांगता, आणि थेरपिस्टला तुमच्या भावाची, नवऱ्याची, आईची ओळख फक्त तुमच्या तोंडून होते. यात वाईट काही नाही, तीच तिची ताकद आहे, एक अशी जागा मिळते जिथे मध्ये कोणी तोंड घालत नाही. पण प्रश्न मुळात नात्याचा असेल तर थेरपिस्ट कितीही चांगला असला तरी नकळत तुमच्या बाजूचा होत जातो आणि जो माणूस तिथे कधी आलेलाच नाही तो दर आठवड्याला थोडा थोडा जास्त वाईट दिसायला लागतो. नात्यावर काम करणारा थेरपिस्ट नेमकं हेच टाळायला शिकलेला असतो. चूक कोणाची हे तो शोधत नाही, एकाने काय केलं की दुसरा काय करतो आणि ते बघून पहिला परत काय करतो हा फेरा शोधतो. आई जितकं खोदून विचारते तितकी मुलगी गप्प, मुलगी जितकी गप्प तितकी आईची काळजी जास्त म्हणून विचारणं अजून जास्त. यात सुरुवात कोणी केली हा प्रश्न कितीही रंगवला तरी उपयोग शून्य.

हा विचार तसा नवा आहे. 1950च्या दशकापर्यंत पेशंटच्या नातेवाइकांना थेरपिस्टने भेटणं म्हणजे उपचारात बिघाड असंच बहुतेक जण मानायचे. मग मरे बोवेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 ते 1959 या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबरोबर त्यांची अख्खी कुटुंबं वॉर्डात राहायला आणली आणि बघत बसला की ही माणसं एकमेकांशी वागतात कशी. त्याच सुमारास, 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध जोडणारा पेपर लिहिला. तो सिद्धांत, म्हणजे घरातल्या बोलण्यामुळे हा आजार होतो हा भाग, पुढे टिकला नाही आणि मधल्या काळात कितीतरी आयांना फुकटचा दोष सहन करावा लागला. हे मुद्दाम सांगतेय, कारण आजही एखादा अर्धवट शिकलेला काउन्सेलर गंभीर मानसिक आजाराबद्दल 'हे तुमच्या घरातल्या वातावरणामुळे झालंय' असं छातीठोकपणे सांगतो. असं कोणी म्हणालं की उठून यायला हरकत नाही. आजारात घराचा वाटा वेगळ्या अर्थाने असतो, औषधांच्या जोडीला कुटुंबाला आजाराबद्दल नीट शिकवलं आणि घरातली चिडचिड कमी झाली तर तो उलटण्याचं प्रमाण कमी होतं, याला चांगला पुरावा आहे.

मग एकट्यानेच जावं असं कधी? स्वतःचा जुना आघात असेल, व्यसन असेल, किंवा घरातलं दुसरं कोणी यायलाच तयार नसेल तेव्हा. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट: घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, कोणी कोणाचे पैसे, फोन, येणंजाणं ताब्यात ठेवत असेल तर एकत्र सेशनने सुरुवात करायची नाही. तिथे खरं बोललं की त्याचा हिशोब घरी गेल्यावर चुकता होतो. नीट शिकलेला थेरपिस्ट सुरुवातीला प्रत्येकाला एकेकटं भेटून हे विचारतोच. ज्याने विचारलंच नाही त्याच्याबद्दल मला शंका येते, मग बाकी प्रोफाइल कितीही चकाचक असू दे.

पाटीवरच्या डिग्र्या

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. निदान, औषधं, आजाराची तीव्रता यात त्यांना पर्याय नाही. झोप पूर्ण उडालीये, भास होतायत, जीव द्यायचे विचार येतायत, तर पहिली भेट तिथेच, फॅमिली थेरपी त्यानंतर किंवा त्याच्या जोडीला. पण चौघांना समोर बसवून दीड तास काम करणं हे त्यांच्या शिक्षणाचा आपोआप भाग असतंच असं नाही, ज्यांनी वेगळं शिकलंय ते सांगतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं चाचण्या आणि मूल्यमापनावर प्रभुत्व असतं, मुलाला शिकण्याची अडचण आहे की आणखी काही हे शोधायचं असेल तर उत्तम. ट्रेनिंगचा मोठा भाग मात्र एकट्या व्यक्तीवरच्या उपचारांचा. सोशल वर्कवाल्यांना लोक उगाच कमी लेखतात असं माझं स्पष्ट मत आहे, माणसाला त्याच्या परिस्थितीसकट बघायचं हे त्यांच्यात पहिल्या वर्षापासून मुरवलेलं असतं, पैशाची ओढाताण, जागेची अडचण, शाळा, आजारी म्हातारं माणूस, हे सगळं त्यांना 'मूळ मुद्द्याबाहेरचं' वाटत नाही. आणि मग खास मॅरेज अँड फॅमिली थेरपी शिकलेले. अमेरिकेत सगळ्या 50 राज्यांत त्यांचा वेगळा परवाना असतो. बऱ्याच देशांत असं काही नाही, ब्रिटनमध्ये तर काउन्सेलर किंवा सायकोथेरपिस्ट ही नावं कायद्याने राखीवसुद्धा नाहीत, म्हणजे पाटी कोणीही लावू शकतो. त्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथे परवाना कोण देतं आणि तक्रार कुठे करता येते हे एकदा बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. रिलेशनशिप कोच हा प्रकार वेगळाच, काही चांगले असतीलही, पण त्या नावामागे ठरलेलं शिक्षण काहीच नसतं.

आता गंमत बघा, हे क्षेत्र ज्यांनी उभं केलं त्यांची पार्श्वभूमी काय होती? सॅल्व्हादोर मिनुचिन अर्जेंटिनात जन्मलेला डॉक्टर. व्हर्जिनिया सटीर आधी शाळेत शिक्षिका, मग सोशल वर्क शिकलेली. ऑस्ट्रेलियातला मायकल व्हाइट सोशल वर्कर. जॉन गॉटमन आधी गणित शिकला, मग मानसशास्त्राकडे वळला. जे हेली हे या क्षेत्रातलं मोठं नाव, त्याची पदव्युत्तर पदवी कम्युनिकेशनची होती, उपचारांची नव्हतीच. म्हणून काय डिग्री बघायचीच नाही का, तर तसं नाही. त्यांचा काळ वेगळा होता आणि ते वर्षानुवर्षं एकमेकांचं काम बघत शिकले. डिग्री ही किमान पात्रता आहे, त्याखाली जायचं नाही. पण दोन डिग्रीवाल्यांतून एक निवडताना मी तिसरी डिग्री कोणाकडे आहे हे बघणार नाही, अख्ख्या कुटुंबाबरोबर काम करताना यांना कोणी बघितलंय का, हे बघीन. फॅमिली थेरपीत शिकण्याची जुनी रीतच ती आहे, एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेमागे शिक्षक आणि बाकीचे विद्यार्थी बसतात, किंवा रेकॉर्डिंग बघून नंतर चिरफाड करतात. ज्याने असं काम दाखवलंय आणि अजूनही सुपरव्हिजन घेतो, म्हणजे आपलं काम अनुभवी माणसाकडून तपासून घेतो, त्याचे दोन गुण माझ्याकडून जास्त.

थेरपिस्टचं स्वतःचं लग्न झालंय का, मुलं आहेत का, घटस्फोट झालाय का, हे प्रश्न लोकांच्या मनात असतातच आणि ते साहजिक आहे. माझ्या मते यावरून फार काही कळत नाही. तीन मुलं वाढवलेला माणूसही तुमच्या मुलात स्वतःचाच मुलगा बघू शकतो, आणि मग त्याला तुमचा मुलगा दिसतच नाही. त्यापेक्षा आपल्या घराकडे त्याने कधी नीट बघितलंय का हे महत्त्वाचं. बोवेन याबाबतीत टोकाचा होता. 1967 मध्ये एका परिषदेत जमलेल्या तज्ज्ञांसमोर त्याने सिद्धांत मांडायच्या ऐवजी स्वतःच्या भावंडांत आणि आईवडिलांत काय चाललंय आणि आपण तिथे जाऊन काय करून आलो हेच सांगितलं. तो मजकूर 1972 मध्ये छापला तेव्हा लेखकाचं नाव घातलं नव्हतं. त्याच्या परंपरेत शिकणारे आजही आधी स्वतःच्या घरावर काम करतात.

एकच घर, वेगवेगळ्या खोल्या

आता पद्धती. व्याख्या देत बसण्यापेक्षा एक काल्पनिक घर घेऊ आणि तेच सगळ्यांकडे पाठवू. सोळा वर्षांची मुलगी, काही महिन्यांपासून खोलीचं दार बंद, शाळा अधूनमधून, जेवायलाही बाहेर येत नाही. आई सतत दार वाजवते. बाबा उशिरा येतात आणि 'सोड ना तिला, मोठी झालीये' म्हणतात, यावरून दोघांचं भांडण. धाकटा भाऊ अकरा वर्षांचा, तो अचानक फार शहाण्यासारखा वागायला लागलाय.

मिनुचिनच्या परंपरेतला, म्हणजे स्ट्रक्चरल पद्धतीचा थेरपिस्ट आधी नुसतं बघेल. कोण कोणाशेजारी बसलं, मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने दिलं का, बाबा खिडकीबाहेर बघतायत का. मग तो हात घालेल. आईला सांगेल थांबा, तिला बोलू दे. धाकट्याला सांगेल हे तुझं काम नाही, तू तिकडे चित्र काढ. आणि आईबाबांना म्हणेल की शाळेबद्दल काय नियम ठेवायचा ते आत्ता इथे माझ्यासमोर दोघांनी मिळून ठरवा. दोन मिनिटांत बाबा गप्प होतील आणि आई मुलीकडे वळेल, तेव्हा तो परत अडवेल, 'नाही, त्यांच्याशी बोला.' म्हणजे घरी जे भांडण होतं ते खोलीत घडवून आणायचं आणि तिथल्या तिथे त्याला वेगळं वळण द्यायचं. यामागचा विचार असा की घरात थर असतात, आईबाबांचा एक, मुलांचा एक, आणि या थरांमधल्या सीमा कुठे पुसल्या गेल्यात तर कुठे भिंतीसारख्या कडक झाल्यात. मिनुचिनने हे न्यूयॉर्कजवळच्या एका संस्थेत कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या गरीब घरातल्या मुलांबरोबर काम करताना घडवलं, आणि अशा घरांना तासभर भावनांवर बोलत बसायला वेळ नसतो, काहीतरी करून दाखवावं लागतं. मुलांच्या वागण्याचा प्रश्न असेल आणि आईबाबा दोन दिशांना ओढत असतील तर मला ही पद्धत फार पटते. पण ती अंगावर येते. ज्यांना लगेच 'आम्हाला झापलं' असं वाटतं त्यांनी विचार करून जावं.

बोवेनवाला तेच घर घेईल आणि कागद काढेल. जेनोग्राम, म्हणजे किमान तीन पिढ्यांचा नकाशा, कोण कधी गेलं, कोणाचं कोणाशी तुटलं, कोण कोणाच्या फार जवळ. इथे आवाज चढत नाहीत कारण तो माणसांना एकमेकांशी फारसं बोलूच देत नाही, एकेक जण त्याच्याशी बोलतो आणि बाकीचे ऐकतात. आईबाबांमधला ताण सहन होईना की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, म्हणजे या घरात मुलीला, हा त्रिकोण तो दाखवून देईल. बदल हळू होतो. पण याचा एक मोठा फायदा असा की एकच माणूस आला तरी काम चालतं, कारण एकाने घाबरून न जाता आणि नातं न तोडता स्वतःची जागा बदलली की बाकीच्यांना हलावंच लागतं. 'आमच्या घरचे कोणी येणार नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी इथे बघावं. रडायला, मोकळं व्हायला जागा हवी असेल तर मात्र ही खोली जरा कोरडी वाटेल.

तिसरी खोली अटॅचमेंटवाल्यांची. जॉन बोल्बीचा अटॅचमेंट सिद्धांत, म्हणजे माणसाला जवळचं कोणीतरी भरवशाचं लागतंच आणि तो भरवसा डळमळला की तो एकतर मागे लागतो किंवा आत मिटतो, त्यावर स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980च्या दशकात जोडप्यांसाठी इमोशनली फोकस्ड थेरपी उभी केली. मुलांसाठी गाय डायमंड आणि सहकाऱ्यांची अटॅचमेंट बेस्ड फॅमिली थेरपी आहे, खास करून नैराश्यात गेलेल्या, जीव द्यायचे विचार येणाऱ्या किशोरवयीनांसाठी. इथे आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला पहिल्याच तासात साधारण असं विचारलं जाईल की तुला इतकं वाईट वाटतं तेव्हा तू आईबाबांकडे का जात नाहीस? शाळा, मार्क, दार सगळं बाजूला. या एका प्रश्नाने विषय 'हिला सरळ कसं करायचं' इथून 'ही आमच्याकडे का येऊ शकत नाही' इथे जातो, आणि बहुतेक आईबाप इथे पहिल्यांदा गप्प होतात. मग थेरपिस्ट मुलीला वेगळं भेटतो, आईबाबांना वेगळं भेटतो, त्यांना ऐकून घ्यायला, सफाई न द्यायला तयार करतो, आणि त्यानंतरच सगळ्यांना त्या अवघड बोलण्यासाठी एकत्र बसवतो. ही तयारी न करता पहिल्या दिवशीच 'बोला मनातलं' म्हणणारे खूप असतात आणि मुलं त्यानंतर येतच नाहीत.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर 2010च्या चाचणीत ही मुलांसाठीची अटॅचमेंट बेस्ड पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली, पण 2019च्या मोठ्या चाचणीत जेव्हा तिची तुलना नीट दिलेल्या साध्या आधार देणाऱ्या थेरपीशी केली तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि दोघांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत वाईट असं नाही, पण 'हेच आणि फक्त हेच' असं कोणी विकत असेल तर जपून.

नॅरेटिव्हवाले, म्हणजे मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या परंपरेतले, मुलगी आणि प्रश्न यांची फारकत करतील. तिच्या त्या बंद दाराला, त्या सुन्नपणाला ती स्वतःच एखादं नाव देईल आणि मग बोलणं 'तू अशी का वागतेस' याऐवजी 'ते कधी येतं, तुझ्याकडून काय करवून घेतं, कधी तू त्याचं ऐकलं नाहीस' यावर जाईल. व्हाइटने लहान मुलांच्या कपड्यात शी होण्याच्या तक्रारीवर असंच केलं होतं, त्या प्रकाराला एक खोडकर नाव देऊन मूल आणि आईबाप एका बाजूला आणले आणि तो प्रकार दुसऱ्या बाजूला. ज्या मुलाला घरात 'हा असलाच' हा शिक्का बसलाय त्याच्यासाठी ही पद्धत मला सगळ्यात माणुसकीची वाटते.

सोल्यूशन फोकस्डवाले, स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी मिलवॉकीत सुरू केलेलं काम, भूतकाळात फार रमत नाहीत. रात्रीत चमत्कार झाला आणि प्रश्न सुटला तर सकाळी पहिलं काय वेगळं दिसेल? शून्य ते दहात आज कुठे? तीनवर, ठीक, दोनवर का नाही? हा उलटा प्रश्न हुशार आहे, कारण उत्तर देताना माणूस आपोआप जे थोडंफार चांगलं चाललंय ते सांगायला लागतो. थोडक्या सेशनचं काम, ठराविक मुद्द्यासाठी छान. वीस वर्षांची कटुता घेऊन गेलात तर मात्र तुम्हाला वाटेल की यांनी आपलं ऐकूनच घेतलं नाही.

सटीरच्या पद्धतीत बोलणं कमी आणि करून दाखवणं जास्त, घरातल्यांना पुतळ्यासारखं उभं करायचं, कोण कोणाकडे पाठ करून, कोण बोट दाखवून. लाजऱ्या लोकांना जड जातं, पण लहान भाऊ जेव्हा सगळ्यांना उभं करतो तेव्हा आईबापांचे डोळे उघडतात.

आणि एक कमी माहीत असलेली, पण मोठ्या माणसांच्या घरांसाठी फार कामाची: इव्हान बोसोरमेनी नाज याची काँटेक्स्च्युअल थेरपी. यात प्रश्न न्यायाचा असतो. कोणी कोणासाठी किती केलं, कोणाला त्याची दखल मिळाली, कोणावर लहानपणीच मोठ्यांची जबाबदारी पडली. आपल्या घरातला तो अचानक शहाणा झालेला अकरा वर्षांचा मुलगा बाकीच्यांना गुड बॉय वाटेल, यांना तिथे धोक्याची घंटा ऐकू येईल. थेरपिस्ट तटस्थ राहत नाही, तो आळीपाळीने प्रत्येकाची बाजू घेतो, खोलीत नसलेल्यांचीही. आजारी वडिलांचं कोण करणार यावरून भावंडांत फाटलं असेल तर संवाद कौशल्यं शिकवणाऱ्यापेक्षा मी असाच माणूस शोधीन. त्या भावंडांना बोलता चांगलं येतं हो, खटकतंय ते वेगळंच.

मग आपल्या घराला कुठली

फक्त नवराबायकोचा प्रश्न असेल तर वरच्या बऱ्याच गोष्टी बाजूला ठेवून दोघांत निवड करा, इमोशनली फोकस्ड किंवा जॉन गॉटमनची पद्धत. पहिलीत भांडणाच्या खालची भीती उघडी करायची, दुसरीत आधी रीतसर मूल्यमापन, दोघांच्या वेगळ्या मुलाखती, मग ठराविक सवयींवर काम. टीका, तुच्छता, बचाव आणि अबोला या चार गोष्टी गॉटमनने धोक्याच्या मानल्या, त्यात तुच्छता सगळ्यात वाईट. त्याच्या अभ्यासात जोडप्यांचे साधारण 69 टक्के वाद कायमचे न सुटणारे निघाले, त्यामुळे तिथे भर वाद मिटवण्यापेक्षा त्याच्यासकट नीट राहण्यावर असतो. घटस्फोटाचं भाकीत नव्वद टक्क्यांच्या वर अचूक करतो ही जी जाहिरात फिरते तिच्यावर संशोधकांनी बरोबर आक्षेप घेतलेत, सूत्र ज्या जोडप्यांवर बसवलं त्यांच्यावरच तपासलं तर आकडा फुगतोच. पद्धत त्यामुळे निकामी ठरत नाही, हिशोबी स्वभावाच्या लोकांना ती रुचते. आणि दोघांपैकी एकाला राहायचंय, एकाला सुटायचंय अशी अवस्था असेल तर कपल थेरपी सुरूच करू नका, बिल डोहर्टी यांनी त्यासाठी डिसर्नमेंट काउन्सेलिंग काढलंय, एक ते पाच भेटी, नातं सुधारण्यासाठी नाही तर पुढे काय करायचं हे ठरवण्यासाठी.

मुलांच्या खाण्याचा आजार असेल, म्हणजे मुलगी खाणंच सोडत चाललीये आणि वजन उतरतंय, तर निवडीला जागा फार कमी. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधल्या कामातून आलेली फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट, डॉक्टरी देखरेखीखाली, जिथे सुरुवातीला खायला घालायची जबाबदारी पूर्णपणे आईबापांकडे दिली जाते. किशोरवयीन ॲनोरेक्सियात सगळ्यात भक्कम पुरावा तिचाच आहे. इथे 'आधी घरातल्या नात्यांवर बोलू, खाणं आपोआप येईल' म्हणणारा थेरपिस्ट नको.

बाकी घरांसाठी मी असं बघीन: घरात गोंधळ, आरडाओरडा, नियमच नाहीत, तर स्ट्रक्चरल. घरात शांतता पण थंड, कोणी कोणाकडे जात नाही, तर अटॅचमेंटवाली. पिढ्यान्पिढ्या तेच चालत आलंय असं वाटतं किंवा एकटेच जाणार आहात, तर बोवेन. अर्थात बहुतेक अनुभवी लोक मिसळूनच काम करतात, आणि ते चांगलंच आहे, फक्त 'मी सगळंच वापरतो' असं कोणी म्हणालं तर विचारायचं की आमच्यासारख्या घरात तुम्ही सुरुवात कुठून कराल. ज्याला खरंच येतं तो दोन वाक्यात सांगतो.

फोनवर विचारायचं ते

गुपितांचं धोरण काय? हा प्रश्न लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. तुम्ही दोन सेशनच्या मध्ये थेरपिस्टला एकट्याने मेसेज करून काही सांगितलंत तर ते तो स्वतःकडे ठेवणार की सेशनमध्ये आणणार? काही जण स्पष्ट सांगतात की मी गुपितं ठेवत नाही, काही वेगळ्या भेटीतलं वेगळं ठेवतात. दोन्ही चालतं, पण आधी माहीत हवं. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत तर हे त्याच्यासमोरच बोलून घ्या, काय आईबाबांना सांगितलं जाईल आणि काय नाही, जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं हेसुद्धा.

सेशन किती वेळाचं? वैयक्तिक थेरपीचा पन्नास मिनिटांचा तास चौघांना पुरत नाही, तिघांचं होईपर्यंत चौथा कंटाळतो. पंचाहत्तर ते नव्वद मिनिटं देणारा बरा. ऑनलाइन असेल तर भांडण पेटल्यावर तुम्ही आवाज कसा थांबवता हे विचारा, एका कॅमेऱ्यासमोर चार जण कोंबून बसले तर थेरपिस्टला चेहरेसुद्धा नीट दिसत नाहीत, लांब राहणाऱ्या भावंडांसाठी मात्र ऑनलाइन फार सोयीचं.

आणि कोणी यायला नाही म्हणत असेल तर काय करता? 'आणाच त्यांना, त्याशिवाय नाही' आणि 'चालेल, नका आणू' या दोन्ही उत्तरांपेक्षा 'मी त्यांच्याशी एकदा फोनवर बोलू का' हे उत्तर मला आवडतं.

पहिल्या एकदोन सेशनमध्ये माझं लक्ष एकाच गोष्टीवर असेल, भांडण सुरू झाल्यावर थेरपिस्ट काय करतो. काही जण मान डोलवत ऐकत राहतात, वीस मिनिटं तुम्ही घरी करता तेच भांडण तिथे पैसे देऊन करता आणि तो शेवटी म्हणतो की आज बरंच काही बाहेर आलं. हे नको. मध्ये हात दाखवून थांबवणारा, 'आत्ता हे जे झालं ते परत हळू बघू' म्हणणारा हवा, मग तो कुठल्याही पद्धतीचा असो. दुसरी खूण म्हणजे सगळ्यात कमी बोलणाऱ्याला त्याने किती वेळा आत घेतलं. वैयक्तिक कामाची सवय असलेले थेरपिस्ट इथे पकडले जातात, ते एकाशी मस्त बोलतात आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत प्रेक्षक.

थेरपिस्टशी जुळणं हे निकालासाठी महत्त्वाचं असतं हे संशोधनात परत परत दिसलंय, पण कुटुंबात ते गुंतागुंतीचं होतं, कारण आईला थेरपिस्ट आवडतो आणि मुलीला डोक्यात जातो असं होऊ शकतं, आणि ही फाळणी तशीच राहिली तर घर मध्येच थेरपी सोडतं. त्यामुळे घरी जाताना 'कसे वाटले' असं फक्त ज्याने अपॉइंटमेंट घेतली त्याने ठरवू नये, सगळ्यात नाखुशीने आलेल्याला विचारावं. त्याला आवडायलाच हवं असं नाही, 'निदान माझं ऐकलं' इतकं जरी निघालं तरी दुसऱ्या भेटीला जायला पुरेसं आहे. चारपाच सेशननंतरही तोच म्हणत असेल की ते सगळे मिळून माझ्यावर तुटून पडतात, तर ते घरात कुजबुजण्यापेक्षा थेरपिस्टसमोरच बोला. चांगला थेरपिस्ट पुढच्या वेळी बसायची जागा, बोलायचा क्रम, काहीतरी बदलतो, किंवा त्याला आधी एकट्याला भेटतो. बचाव करत बसला, किंवा हे ऐकून उलट त्या मुलालाच समजावायला लागला, तर यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन करा.